वडिलांचा रंधा, माझा हिरवा पट्टा आणि कारखान्यातली मधली भिंत

मी, खाली सही करणारा सुतार, वय अडुसष्ट, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बायको म्हणते, "या वयात लाथा झाडणारा माणूस शुद्धीवर कसला?" तिचे म्हणणे नोंदवले आहे, ग्राह्य धरू नये.

१. राहते घर बायकोचे. माळ्यावरची मोडकी खुर्चीही तिचीच. ती दुरुस्त करीन असे मी तीस वर्षे म्हणत आलो.

२. तायक्वांदो या कोरियन विद्येचे माझ्यावर उपकार आहेत, ते वारसांना ठाऊक असावेत. तायक्वांदोच्या वर्गात फोडायला फळ्या मीच पुरवत असे. मी गुळगुळीत केलेल्या फळ्या पोरी एका लाथेत फोडतात हे बघवेना, म्हणून भांडायला गेलो आणि वर्गात नाव नोंदवून आलो. तेव्हापासून मोजे स्वतः वाकून घालतो. शिडीवरून पडलो तेव्हा शिकवल्याप्रमाणे पडलो, मोडली ती शिडी. पोटातून ओरडायला शिकलो, त्याचा शेजाऱ्यांना त्रास झाला असल्यास माफी असावी.

३. हिरवा पट्टा मुलीला. तो धुऊ नये. आठ वर्षांत मी हिरव्याच्या पुढच्या पट्ट्याच्या परीक्षेला बसलो नाही, कारण शिकवणाऱ्या बाई म्हणतात, "काका, समोरच्याला नमस्कार करताना तुम्ही कमरेत वाकता, मान ताठच राहते."

४. वडिलांनी एकच रंधा ठेवला, दोघा भावांनी वापरा म्हणून. मी तो दिला नाही. थोरल्या दादाने कारखान्याच्या मधोमध फळ्यांची भिंत घातली. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. रंधा दादाला मुळीच देऊ नये.

५. वरचे कलम लिहून डोके तापले, म्हणून उठून भिंतीला लाथ मारली. पाय गुडघ्यापर्यंत आरपार गेला आणि अडकला.

पलीकडून आवाज आला, "कोणाचा पाय?"

"माझा."

"मोजा उसवलाय."

"दादा, काढ ना."

"करवत आणतो. हलू नकोस."

अर्धा तास एका पायावर उभा राहिलो, हाही तायक्वांदोचाच फायदा. दादा भोक मोठे करून आत आला. माझा पाय सोडवून त्याला तेल चोळले. मग रंध्याच्या पात्यावरून बोट फिरवून म्हणाला, "गंजू दिलं नाहीस." मला रडू आले. मी उभा राहून वाकलो, या वेळी मानेसकट.

"काय झालं, कंबर धरली का?" दादा म्हणाला.

६. कलम चार रद्द. वकील सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, आणि दादा साक्षीदार म्हणून सही करणारच असा हट्ट धरून बसला आहे. सबब रंधा आजच, मी धडधाकट असताना, भोकाच्या काठावर ठेवला आहे. ज्याला लागेल त्याने घ्यावा.

ठिकाण: कारखाना, दोन्ही बाजू
दिनांक: १९ मार्च, सकाळी

लिहून देणार: सुतार, धाकटा (सही)

साक्षीदार:
१. तायक्वांदोच्या बाई (सही). शेरा: मान वाकल्याचे समजले. परीक्षेला बसावे.
२. सुतार, थोरला (सही). शेरा: भोकाला दार मी बसवतो. कडी लावणार नाही.