केकला पाणी मारल्याबद्दल

तीर्थरूप ताईंना,

तुमच्या एकुलत्या एका वहिनीचा वाकून नमस्कार (वाकले ती वाकलेलीच आहे, दोन दिवस ओट्याशी उभं राहून कंबर धरलीय). तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलंय, तरी तुम्ही चढत असणारच. तुमच्या घराण्यात सांगितलेलं ऐकायची पद्धत नाही, आणि त्याबद्दलच पुढे सविस्तर लिहिणार आहे. इकडे तुमचे बंधुराज बरे, भिंगरी बरी, आणि बाबांची तब्येत तर इतकी बरी आहे की मला घोर लागलाय. फोन सोडून पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही. आमच्या चष्म्याच्या दुकानात माल टाकायला येणारा ड्रायव्हर शुक्रवारी संध्याकाळी तुमच्याच रस्त्याने परत जातो, त्याच्याजवळ हे देईन.

मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, आई गेल्यापासून बाबा नुसते बाल्कनीतल्या खुर्चीत बसून असतात, अकरा महिन्यांत तीन मजले उतरून खाली गेलेले नाहीत, तुम्ही दोघं कामावर, पोर शाळेत, मग ते काय भिंतीशी बोलणार? त्यांना कशात तरी गुंतवा, नाहीतर रविवारी गाडी घेऊन येते आणि त्यांना कायमचं माझ्याकडे नेते. खरं सांगते, मला तेव्हा फार लागलं होतं. आम्ही काय त्यांना खुर्चीला बांधून ठेवलंय का, असं तोंडापर्यंत आलं होतं (तुम्ही बोलू दिलं नाहीत म्हणून राहिलं). बाबांना तुमच्याकडे जायचं का विचारलं, तर ते ‘बघू’ म्हणाले आणि पुन्हा समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसले. पण आता मी स्वतः लिहून देते आहे की तुमचं बरोबर होतं. रविवारची वाट बघू नका, शनिवारीच या. सकाळी आलात तर अजून चांगलं.

भिंगरीचा उद्या नववा वाढदिवस. तिच्या शाळेची चिठ्ठी आली की वर्गात सुरी आणायची नाही, म्हणून कापायचा केक चालणार नाही, काडीवरचे केकचे गोळे चालतील, आणि शक्यतो घरी केलेले असावेत. छत्तीस मुलं. मी बिचारी दुकानातून आणायच्या विचारात होते. तेवढ्यात तुमचं पार्सल आलं, पन्नास काड्या आणि तुमच्या सुवाच्य अक्षरातली कृती, जिच्यात ‘अगदी सोपं आहे’ हे तीन ठिकाणी लिहिलंय. शेवटी टीप, की बाबांना मदतीला घ्या, तेवढेच रमतील. ताई, ज्या माणसाने अडतीस वर्षं काँक्रीटच्या कामावर सुपरवायझर म्हणून उभं राहून पूल आणि टाक्या बांधून घेतल्या, त्याला ‘मदतीला’ घेता येत नाही हे त्यांच्या मुलीला माहीत असायला हवं होतं. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला (मीच करून दिलेला) आणि लाल पेन्सिल मागितली. तुम्ही जिथे जिथे ‘अंदाजे’ लिहिलंय तिथे तिथे खाली रेघ आणि समासात प्रश्नचिन्ह आहे. ‘मिश्रण हाताला बरं वाटेपर्यंत मळा’ याच्यापुढे त्यांनी ‘कोणाच्या हाताला?’ असं लिहिलंय. कागद सोबत परत पाठवते आहे.

बुधवारपासून रजा टाकली आणि केक केला. आता हे मी कुणाला सांगू? माझा केक फुगला. लग्नाला बारा वर्षं झाली, माझा प्रत्येक केक मधोमध बसतो आणि तुमचे बंधुराज त्या खड्ड्यात जॅम भरून ‘असाच असतो’ म्हणून खातात. हा मात्र असा सरळ वर आला, कडा न फाटता, वरून बदामी, की मी ओव्हनसमोर जमिनीवर बसकण मारून बघत राहिले. बाबांना हाक मारली. ते आले, त्यांनी केकवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, “ठीक. आता तोडा.” कारण तुमच्या कृतीत पुढची ओळ तीच आहे, केक थंड झाल्यावर पूर्ण कुस्करून घ्या. हे कुठलं शहाणपण, ताई? माणसाने जन्मात पहिल्यांदा एक वस्तू नीट करावी आणि लगेच स्वतःच्या हाताने तिचा भुगा करावा? मी एक तास टाळाटाळ केली. कपडे वाळत घातले, ते काढले, पुन्हा घातले. शेवटी भिंगरीनेच दोन्ही हात घातले आणि मी तोंड फिरवून उभी राहिले.

भुगा झाला, आणि बाबांच्या अंगात आलं. भुग्यात लोणी-साखरेचं मिश्रण घालायचं, एवढंच काम. पण त्यांनी प्रत्येक घमेल्याचं (तो माझा मिक्सिंगचा बोल होता) वजन घ्यायला लावलं. मग स्टीलच्या पेल्यात मिश्रण ठासून तो पेला ताटात उलटा केला, अलगद उचलला आणि ढीग किती खाली बसतो ते भिंगरीच्या पट्टीने मोजलं. काँक्रीट किती सैल आहे हे असंच बघतात म्हणे. ढीग अर्धा इंच बसला. माल सैल आहे, भुगा वाढवा. वाढवला. आता बसेना. माल कोरडा आहे. मी दुकानात दिवसभर लोकांना ‘ही काच बरी की ती बरी’ विचारते, कंटाळत नाही. इथे चौथ्या पेल्याला मी हात टेकले. गोळे वळायला बसलो तर प्रत्येक गोळा तीस ग्रॅम. एकतीस भरला की नापास, आणि नापास माल भिंगरीच्या पोटात. मी तिला वाढदिवसाआधी गोड खाऊ नको म्हणून बजावलेलं, पण आजोबांनी नापास केलेलं खाणं म्हणजे कामच की. काडीला ते सळई म्हणत होते, आणि सळई गोळ्यात बरोबर अर्ध्यावर थांबते का, हे बघायला काडीवर पेन्सिलीची खूण. तीन गोळे चाचणीसाठी बाल्कनीतल्या दोरीला चिमट्याने उलटे टांगले. चाळीस मिनिटांनी एक सुटला आणि पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या धुतलेल्या चादरीवर पडला. त्या वर बघून बोलायला लागल्या, तर बाबांनी वरून त्यांनाच विचारलं की काडीसकट पडला की काडी वर राहिली. अकरा महिन्यांत शेजारपाजाऱ्यांशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. चादर मी धुऊन दिली.

इथवर मी सोसलं. आजचं मात्र वाचाच. तुमच्या कृतीत गोळे फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा असं आहे. बाबांनी ते तीन तास फ्रीजरमध्ये ठेवले, थंडीत माल घट्ट होतो म्हणून. मग आम्ही ते वितळलेल्या गरम चॉकलेटात बुडवले, वरून रंगीत साखरेचे दाणे लावले, आणि छत्तीस अधिक तीन जादा, असे एकोणचाळीस गोळे थर्माकोलच्या पाटावर उभे केले. (पाटावर भोकं अडीच इंचावर, दोऱ्याने आखून. डोळ्याचं पारणं फिटावं असं काम, ते नाकारत नाही.) एक वाजता मी भिंगरीला शाळेतून आणायला निघाले तेव्हा दोन-चार गोळ्यांवर बारीक तडे दिसत होते. तसं मी बोलले. ही माझी चूक, कबूल. कारण ज्या माणसाने अडतीस वर्षं तडा गेला की एकच औषध दिलं, त्याच्यासमोर तडा हा शब्द काढायचा नसतो.

अर्ध्या तासाने आले तर स्वयंपाकघरात बाबा स्टुलावर बसलेले, हातात झाडांना पाणी मारायचा फवारा, चेहरा समाधानी. एकोणचाळीस गोळ्यांना त्यांनी, नव्या काँक्रीटला मारतात तसं, पाणी मारलं होतं. सगळीकडून, नेमाने, दर पाच मिनिटांनी, आणि वरून माझे सहा नवे नॅपकिन ओले करून पांघरले होते, ओल टिकावी म्हणून. नॅपकिन उचलला. रंगीत दाण्यांचे ओघळ काडीवरून पाटावर उतरलेले, चॉकलेटवर पांढरे डाग, हात लावावा तर चिकट. उरलेलं चॉकलेट घट्ट वाटलं म्हणून त्यातही त्यांनी दोन चमचे पाणी घातलं होतं, आणि त्याचा रवाळ, कडक गोळा होऊन चमचा त्यात उभा राहिला होता. भिंगरी पाटासमोर उभी राहिली आणि एकेक काडी उचलून एक तरी गोळा बरा निघतोय का ते बघायला लागली. माझा तोल गेला. मी म्हणाले, “बाबा, हा केक आहे, पूल नाही. तुम्हाला हात लावायला सांगितलं कोणी?”

बाबांनी फवारा खाली ठेवला. हात पुसले. पलंगाखालून ते जड बूट काढले (कामावरचे, आई असताना रोज पॉलिश व्हायचे ते), पायात घातले आणि दार उघडून खाली गेले.

ताई, एक तास दहा मिनिटं. हाही ताप माझ्याच डोक्याला. अकरा महिन्यांत उंबरा न ओलांडलेला माणूस माझ्या एका वाक्यावर घराबाहेर गेला, आणि तुम्हाला काय तोंड दाखवू म्हणून मी बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी अशा येरझारा घालत होते. भिंगरी मात्र पाटाशी बसून उकडलेल्या अंड्याचं सोलावं तसं एकेका गोळ्याचं कवच सोलत होती. तडे गेलेलेच होते, त्यामुळे सुटत होतं, आणि आतला गोळा शाबूत होता. तुमच्या बंधुराजांना फोन केला, तर ते म्हणाले की दोघांचंही बरोबर आहे. या माणसाला मी कधी एका बाजूला उभं राहिलेलं पाहिलं नाही.

बाबा आले ते दोन किलो चॉकलेट घेऊन. चौकातल्या केकवाल्याकडे जाऊन त्यांनी त्याची चांगली पाऊण तास उलटतपासणी घेतली होती. धाप लागली होती, पण बसले नाहीत. सांगायला लागले की गोळा गार, चॉकलेट गरम, तापमानातल्या फरकाचा तडा, त्याला पाणी मारायचं नसतं, हे माझ्यासारख्याला तरी कळायला हवं होतं. मग भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाले, “सूनबाई, आता तुम्ही सांगा. मी करतो.” पुढचे अडीच तास त्यांनी मी सांगेन तेवढंच केलं. मी ‘थांबा’ म्हटलं की थांबले, ‘झटका’ म्हटलं की झटकलं. तडा एकही नाही. आता या क्षणी एकोणचाळीस गोळे पाटावर सरळ उभे आहेत, आणि बाबा ओळंबा लावून ते सरळ असल्याची खात्री करत आहेत, कारण माझी सत्ता संपली. मघापासून चारदा विचारून झालं की शाळेपर्यंतचा रस्ता खडबडीत आहे का. पाट मांडीवर घेऊन ते स्वतः रिक्षात बसणार आहेत. माझ्यात त्राण उरलेलं नाही. तेव्हा शनिवारीच या आणि घेऊन जा. त्यांच्या गोळ्या, गरम कपडे, लाल पेन्सिल, सगळं काढून ठेवते.

तुमची, पार दमलेली,
वहिनी

ता. क. (शुक्रवार दुपार) : छत्तीस नेले, छत्तीस संपले. शाळेतून आल्यावर बाबांनी भिंगरीला एवढंच विचारलं की किती पडले. ती म्हणाली, एकही नाही. त्यांनी मान हलवली आणि जेवायला बसले. दोनदा भात मागून घेतला.

आणखी एक : मघाशी तुम्ही शनिवारी याल म्हणून त्यांची बॅग भरायला घेतली. कपाटात कपड्यांखाली त्यांची साइटची डायरी मिळाली, ती रोजच्या कामाची, निवृत्त झाल्यावरही ते घरातलं काही ना काही लिहायचे ती. आई गेल्या त्या तारखेनंतर सगळी पानं कोरी आहेत. नंतर एकदम कालचं पान. कुणाची डायरी वाचू नये हे मला कळतं, पण वाचली, आणि जसंच्या तसं उतरवून देते :

‘हवामान – ढगाळ. हजर – सून, नात, मी. काम – गोळे ३९, दुसऱ्यांदा. पहिलं काम बाद. कारण – पाणी मारलं. चूक माझी. शेरा – सूनबाई कामाला कडक आहेत. त्यांच्या हाताखाली राहायला हरकत नाही.’

ताई, बॅग मी पुन्हा माळ्यावर टाकली आहे. शनिवारची घाई नको, रविवारी जरूर या, जेवायलाच या, पण गाडीत त्यांच्यासाठी जागा ठेवू नका. त्याऐवजी येताना काड्यांची तीन पाकिटं आणा, डॉक्टरीणबाईंच्या नातवाचा वाढदिवस आहे आणि बाबांनी मला न विचारता शब्द दिलाय. काड्या जाड बघून आणा. तुम्ही पाठवलेल्या बारीक होत्या असं बाबांचं म्हणणं आहे, आणि (हे त्यांना सांगू नका) माझंही तेच म्हणणं आहे.