चंद्रावरच्या घराला दार मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
परग्रह बांधकाम चाचणी केंद्र.

विषय : खोली क्र. १९ च्या भिंतीला आतून छिन्नी लावण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझा आज सकाळी साडेदहाचा अर्ज (वायरच्या भोकातून दिलेला).

महोदय,

विनंती अर्ज करतो की, मी आपल्या केंद्रात नऊ वर्षे गवंडी असून सध्या खोली क्र. १९ मध्ये आहे. खोलीला दार नाही.

चंद्रावर विटा नेणे परवडत नाही, म्हणून यंत्राने तिथल्याच मातीचे थरावर थर चढवून घर छापायचे आणि त्याची तालीम इथे तशाच राखाडी मातीवर करायची, हे आपणास ठाऊकच आहे. त्या यंत्राला आम्ही 'जावईबापू' म्हणतो, कारण ते कामाला लागले की बाकीच्यांनी बाजूला उभे राहायचे आणि काही बोलायचे नाही. दाराची चौकट जिथे दिसेल तिथे जावईबापू जागा सोडतात. आज चौकट धुळीने माखली होती. मला घाण बघवत नाही, म्हणून ती पुसायला आत घेतली. मान वर केली तेव्हा भिंत छातीपर्यंत आली होती. ताज्या थरावर पाय द्यायला जीव होईना, तेवढ्यात छतही आले. चूक माझीच आहे.

सकाळच्या अर्जावर हेडक्लार्कबाईंनी भोकातून सांगितले, "काका, अर्ज समक्ष येऊन द्यावा लागतो." समक्ष येता आले असते तर अर्ज कशाला केला असता, असे मी विचारले. "तेही अर्जात लिहा," म्हणाल्या. लिहिले आहे.

आजवर अठरा खोल्यांना तडे गेले. ही पहिलीच बिनतड्याची, आणि नियमाप्रमाणे सात दिवस हिला हात लावायचा नाही. छिन्नी-हातोडा माझ्या पिशवीत आहे; हातच धजत नाही. साहेब, इतकी सरळ भिंत मला जन्मात जमली नाही. थोडे वाईटही वाटले.

परंतु आमच्या मंडळींच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची पट्टी आज सहा वाजता सुटणार आहे. पहिले तोंड माझेच दिसले पाहिजे, असे तिने बजावले आहे. तेहेतीस वर्षे तेच तोंड बघूनही तिला ते हवे आहे! गेली दोन वर्षे मी तिला नुसता धूसर दिसतो. माझे केस पिकलेले तिने अजून पाहिलेले नाहीत.

सबब तीनपर्यंत परवानगी मिळावी. भिंत आपण पुन्हा छापू. पट्टी एकदाच सुटणार आहे.

आपला नम्र (आणि आतला),
गवंडी, खोली क्र. १९
आज, दुपारी सव्वादोन

सोबत : चौकट, पुसलेली (आकाराने मोठी असल्याने जोडली नाही).

ता.क. : तीन वाजून गेले, अर्ज घ्यायला भोकाशी कोणी आले नाही. चौकटीच्या मापाने तेवढेच कापले, चौकट बसवली, कडा लिंपल्या. बाकी भिंतीला तडा नाही. साडेचार वाजता अर्ज नियमाप्रमाणे समक्ष येऊन आपल्या टेबलावर ठेवला आहे, हे हेडक्लार्कबाईंना कळवावे. निघतो.