जावईबापूंची रॅम आणि माझं जेवणाचं टेबल

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

(ही ओळ जावईबापूंच्या नजरेला पत्र पडलंच तर असावी म्हणून. इथून पुढे तू आणि मी. शिवणाच्या तासाला जिने माझा अर्धा बाक गिळला, तिला या वयात अहोजाहो करणं मला जमायचं नाही.)

प्रिय पसारा,

तुला आपला तो बाक आठवतो का, वर उघडणाऱ्या झाकणाचा? दोघींत एक. खाली वह्यापुस्तकांसाठी हातभर खोल कप्पा आणि वर जेमतेम दोन रुमाल पसरतील एवढी जागा. शिवणाची सिस्टर म्हणायची, कप्प्यात हवं ते कोंबा, पण बाकावर फक्त हातातलं काम. मी मुकाट्याने टाके घालत बसायचे. तू मात्र रिळं, कात्री, पट्टी, लिमलेटच्या गोळ्यांचे कागद, कागदाच्या बाहुल्या आणि त्या बाहुल्यांचे कपडे असं सगळं एकदम वर मांडायचीस, आणि मग ज्या रुमालासाठी हा थाट, तोच ठेवायला जागा उरायची नाही. माझं कोपर कायम बाकाबाहेर लोंबकळत असायचं. शेवटी सिस्टर यायची, एक शब्द न बोलता सगळं आपल्या एप्रनमध्ये लोटायची आणि चालू लागायची. तू रडायचीस, मी मनातल्या मनात देवाचे आभार मानायचे. आज हे आठवायचं कारण एवढंच, की तोच पसारा, त्याच रक्ताचा, सध्या माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडलेला आहे.

तुझा गुडघा कसा आहे? व्याह्यांची नवी कवळी बसली का, की अजून खिशातच फिरते? माझी तब्येत उत्तम. बरेच दिवस ताट हातात घेऊन ओट्यापाशी उभ्यानेच जेवते आहे, त्यामुळे कंबर ताठ झाली आहे आणि भूक बेताची.

मुलं इथे आली ती त्यांच्या घराला रंग लावून होईपर्यंत, हे तुला ठाऊक आहेच. रंगारी माझ्या ओळखीचा, म्हणून काम मीच ठरवून दिलं. (त्याचा अजून पत्ता नाही. रंगारी लोक सगळीकडे सारखेच.) माझी लेक एक बॅग घेऊन आली. तुझे चिरंजीव एक बॅग, एक कॉम्प्युटर आणि त्याचे दोन पडदे घेऊन आले, आणि घरातली सपाट जागा कोणती, याचा त्यांना लगेच वास लागला.

तुझा मुलगा अ‍ॅप लिहितो हे तू सगळ्यांना अभिमानाने सांगतेस. लिहिताना तो काय काय मांडतो ते मी सांगते. एका खिडकीत तो लिहितो. दुसरीत लोकांनी काय लिहिलंय ते बघतो. तिसरीत ऑफिसातले लोक एकमेकांना हसरे चेहरे पाठवत असतात. ब्राउझरमध्ये इतके टॅब की त्यांची नावं दिसेनाशी होऊन नुसती टिकल्यांची रांग झाली आहे. एका कोपऱ्यात शेकोटी जळत असते (खरी नव्हे, तिचा व्हिडिओ, मन एकाग्र व्हावं म्हणून). आणि या सगळ्याच्या मधोमध एक खोटा फोन, म्हणजे फोनचं हलतंबोलतं चित्र, ज्यात तो आपलं अ‍ॅप चालवून बघतो. आधीचा कॉम्प्युटर या ओझ्याखाली जिना चढणाऱ्या लठ्ठ माणसासारखा धापा टाकायचा. दोष कुणाचा, तर कॉम्प्युटरचा. रॅम कमी पडते, असं ऑफिसला कळवण्यात आलं. सोळा जीबीची चौसष्ट झाली. एक दिवस सगळं वाऱ्यासारखं पळालं. दुसऱ्या दिवसापासून टिकल्यांची रांग लांबली आणि शेकोटीशेजारी पावसाचाही व्हिडिओ आला. बाक चौपट केला म्हणून तू बाहुल्या कमी मांडल्या असत्यास का? मग त्याला तरी का बोलावं.

बोलायची वेळ आली ती अ‍ॅपमुळे. दवाखान्यात ताटकळत न बसता घरूनच नंबर लावायचा, असं हे अ‍ॅप, खास म्हाताऱ्यांसाठी. घरात म्हातारी एकच, तेव्हा पहिला मान माझा. मी बोट लावलं. पिकल्या केसांचं एक जोडपं हसत हसत सायकलवरून आलं. (ज्यांना या वयात सायकल मारता येते त्यांना दवाखान्याचा नंबर कशाला हवा, हे मी विचारलं नाही. जावयाला किती प्रश्न विचारावेत याला मर्यादा असते.) जोडपं अर्ध्या वाटेत थिजलं. मग सगळं पांढरं. मग अ‍ॅप आपोआप बंद, आणि फोन काही घडलंच नाही असं तोंड करून बसला. तेवढ्यात माझ्या स्वेटरच्या दोन ओळी विणून झाल्या. पण जाता जाता ते अ‍ॅप आणखी एकाला घेऊन गेलं. मागे त्याच फोनवर माझी रेडिओची मालिका चालू होती, ती गप्प झाली. बंगल्यातला खून कुणी केला हे इन्स्पेक्टर सांगणार, त्याच वाक्यावर. जागा कमी असली की फोन नव्या पाहुण्याला बसवण्यासाठी आधीच्या पाहुण्याला उठवतो, असं तुझ्या मुलानेच मला नंतर समजावलं. फोनला वळण नाही, दुसरं काय.

त्यावर त्याने काय सांगितलं असेल? "आई, तुमच्या फोनमध्ये फोटोंचा कचरा झालाय. काढून टाका." मी सगळी दुपार खिडकीत बसून कचरा काढला. बागेतले गुलाब काढले, तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळ्या चष्म्यातला फोटो काढला, मुलांच्या लग्नातले दोनशे फोटो पुसून टाकले. फोन होता तसाच. मी जाऊन विचारलं. तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "फोटो स्टोरेजमध्ये असतात, आई. अडचण रॅमची आहे. त्याचा यात तसा काही संबंध नाही." मग काढायला का लावलंत, असं मी अगदी गोड आवाजात विचारलं. तर म्हणे, काहीतरी केल्यासारखं वाटतं लोकांना. पसारा, मी तिथेच उभी राहिले. आपल्याला बाकावर जागा नव्हती आणि हा माणूस मला कप्पा रिकामा करायला सांगत होता, तेही मला कामाला लावून स्वतःच्या मागची भुणभुण टाळायला.

मी बोलणारच होते, पण त्या संध्याकाळी तुझी सून स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. लहानपणी काही फुटलं की उभी राहायची, तशी. हे अ‍ॅप आमच्याच ज्येष्ठ मंडळात, मंडळींच्या फोनवर चालवून दाखवायचं होतं, साहेबांसमोर. नाही चाललं तर दवाखाना करार मोडणार आणि त्याचं पद जाणार. "तसं झालं तर आम्ही जाऊ, आई. त्याला परदेशातून बोलावणं आलंय," ती म्हणाली. दूध उतू गेलं तेव्हा दोघी हललो.

रात्रभर विचार करून सकाळी मी जावईबापूंना म्हटलं, आपण फोन बदलू. चार दिवस तुमचा मला, माझा तुम्हाला. तो हसला. म्हणाला, माझं अ‍ॅप फोनवर व्यवस्थित चालतं, हे बघा, आणि त्याने तो खोटा फोन दाखवला. मी विचारलं, याला रॅम किती? आठ दिली आहे, म्हणाला. माझ्या खऱ्या फोनला दोन. म्हणजे पोशाख शिवला राजवाड्यातल्या पुतळ्याच्या मापाने आणि घालायचा आम्ही. हे मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण त्याने निमूट फोन हातात घेतला.

पहिल्या दिवशी तो माझ्या फोनवर चिडला. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या महत्त्वाच्या बोलण्यात फोन थिजला आणि साहेबांना वाटलं, हा मुद्दाम गप्प बसला आहे. तिसऱ्या दिवशी तो टेबलापाशी गेला आणि अ‍ॅपमधून एकेक वस्तू बाहेर फेकू लागला. सायकलवरचं जोडपं गेलं. मागचं संगीत गेलं. नंबर लागला की उडणारे फुगे होते, ते गेले. (फुगे! दवाखान्यात!) उरला एक पांढरा पडदा, त्यावर एक मोठं बटण आणि एक आकडा. सिस्टर एप्रन घेऊन फिरत असल्याचा मला भास झाला. आणि त्याचा फोन माझ्याकडे असताना माझं काय झालं विचारशील तर काहीच झालं नाही. बोट लावायच्या आत सगळं उघडायचं, त्यामुळे विणायला वेळच उरायचा नाही. स्वेटर पाठीवरच अडला.

वाचनालयाच्या माडीवर आमचं मंडळ जमलं. साहेब आले, चकचकीत बुटांत. आमच्याकडचे फोन बघून त्यांनी स्वतःचा फोन खिशात ठेवून दिला. आमच्या निवृत्त कॅशियरांचा फोन तर रबरबँडने बांधलेला असतो, काढला की दोन तुकडे हातात येतात. पण अ‍ॅप सगळ्यांकडे उघडलं. त्या रबरबँडवाल्याकडेही. माझी लेक दाराशी उभी होती, तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा पुरता श्वास सोडला. मग कॅशियरांनी नंबर लावला, आकडा बघितला, आणि शांतपणे विचारलं, "चालतंय छान. पण घरूनच नंबर लागला तर सकाळी दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसायचं कशाला? आणि न बसता आम्ही एकमेकांना भेटायचं कुठे?" सगळ्या माना हलल्या. त्यांपैकी एकानेही दुसऱ्यांदा बटण दाबलं नाही. साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांना उघडतंय का एवढंच बघायचं होतं. उघडल्यावर कुणाला हवंय का, हा प्रश्न त्यांच्या कामात बसत नाही.

तेव्हा अभिनंदन. करार झाला, पद राहिलं, परदेश टळला. ऑफिसने खूश होऊन तुझ्या मुलाला आणखी मोठा कॉम्प्युटर दिला, एकशे अठ्ठावीसवाला. काल अ‍ॅपचं नवं व्हर्जन आलं. त्यात सायकलवाले परत आले आहेत, या खेपेला कुत्र्यासकट.

व्याह्यांना नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
कोपर बाकाबाहेर असलेली विहीण

ता. क. बंगल्यातला खून कुणी केला? तू ऐकला असशील तो भाग. माझा संशय डॉक्टरांवर आहे.

आणखी एक. तुझा जुना फोन, तो माझ्यासारखाच दोन जीबीवाला, कपाटात पडून असेल तर लगेच पाठव. माझा ऑफिसने चाचणीसाठी ठेवून घेतला, पाठीवर 'सर्वांत वाईट परिस्थिती' अशी चिठ्ठी डकवून, आणि जावईबापूंनी मला नवा, महागाचा घेऊन दिला. फार चांगला मुलगा आहे. पण फोन जराही अडत नाही, तिथेच सगळी अडचण आहे.

हे वाचून झाल्यावर फाड. रंगाऱ्याचं काम केव्हाच संपलं. किल्ली माझ्या विणकामाच्या पिशवीत लोकरीखाली आहे. त्याचा निरोप आला होता, तो मी पुसला (पुसायला तुझ्याच मुलाने शिकवलं). लेक विचारायची तेव्हा म्हणायचे, फोन हँग होता गं, काही आलं असेल तर कळलं नाही. जुन्या फोनवर हे कुणालाही पटायचं. नव्यावर त्या मेल्या रंगाऱ्याचं नाव टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, अंगठ्याएवढ्या अक्षरांत झळकतं. हे गेल्यापासून त्या टेबलावर एकच ताट लागत होतं. आता ताट ठेवायला जागा नाही, हे मी तुला तक्रार म्हणून लिहिलं आहे असं समज.

आता या पत्राबरोबरच्या पार्सलबद्दल. नवा फोन तू ठेव. आईला पहिला मान दिला म्हणून कुठला मुलगा भांडेल? त्यात लग्नाचे फोटो घालून घे, आणि कुणीही सांगितलं तरी पुसू नकोस, वेगाशी त्यांचा काही संबंध नाही. लोकरी मोजे व्याह्यांना. स्वेटरही तुलाच आहे, पण तो पार्सलात नाही. बाह्या तुझ्या जुन्या फोनवर विणायच्या आहेत. खाली घडी घातलेला टेबलक्लॉथ आहे, आपण दोघींनी शाळेत भरलेला, तुझ्या बाजूचे टाके तिरके असलेला. तो तुझ्याकडेच राहू दे. टेबल रिकामं झालं की मागवून घेईन. घाई नाही.