गुळाचा जबाब

कळस, ता. इंदापूर
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

अ‍ॅडव्होकेट अश्लेषाताई यांना,

हिंदुराव खारतोडे यांचा नमस्कार. आम्ही सगळे इकडं मजेत आहोत. तुम्ही, बारामतीला तुमचे आईवडील आणि पुण्याच्या ऑफिसातली मंडळी खुशाल असाल. फोन न करता कागद घेऊन बसलो, त्याला कारण आहे. फोनवर मी जे बोलायचं ते सोडून दुसरंच बोलत बसतो.

आधी चांगल्या बातम्या. गेल्या सोमवारी आमचं गुऱ्हाळ सुरू झालं. यंदा ऊस असा पोसलाय की मोळी उचलताना माणसं शिव्या घालतात. आमचा गूळ करणारा बिरू गुळव्या परत आला, त्याच्याच हातची पहिली काहील उतरली. गुळाला कसा दाणेदार रवा पडलाय म्हणून सांगू! प्रयागबाईनं, म्हणजे आमच्या कारभारणीनं, सगळ्यांना गरम गूळ आणि शेंगदाणे वाटले. स्वतःला साखरेचा त्रास असताना तिनंही दोन खडे तोंडात टाकले आणि मी बघितलं तर म्हणाली, "औषध घेतलंय की."

दुसरी बातमी. रॉटरडॅमच्या त्या दुकानवाल्या बाईंची दुसऱ्या कंटेनरची मागणी आली. त्याबद्दल पुढं लिहितो.

बिरू मधले काही महिने आमच्याकडं नव्हता. त्यालाही काही कारण झालं होतं.

ताई, तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी आता परत लिहिणार आहे, कारण हे पत्र पाकिटात जायच्या आधी आमचा पोरगा ऋषिराज वाचणार आहे.

मार्चमध्ये आमच्या गूळ पावडरीच्या आठशे पिशव्या बंदरावर अडकल्या. कस्टमच्या साहेब लोकांना शंका आली, की गुळाच्या नावाखाली ही कच्ची साखरच बाहेर चाललीय. गूळ पाठवायला मोकळीक, साखरेला मात्र परवानगी लागते. पोरानं वर्षभर खपून मिळवलेली ही रॉटरडॅमची पहिली ऑर्डर. त्याला कुणीतरी तुमच्या फर्मचं नाव सांगितलं, की देशोदेशीच्या मालाचे कायदे बघणारी माणसं आहेत आणि त्यातल्या एक मॅडम बारामतीच्याच आहेत.

तुम्ही घरी आलात. कागदांना हात लावायच्या आधी एक छापील पान आमच्यापुढं ठेवलंत आणि मोठ्यानं वाचलंत. त्यात होतं, "तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगू. वाईट बातमी असेल तर पहिल्या दिवशी सांगू. तुमच्यासाठी भांडू, पण खोटा कागद पुढं करणार नाही. तुमचं आमच्याशी झालेलं बोलणं आमच्यापाशीच राहील." मला मनात हसू आलं. असली पानं सगळेच छापतात, बँकेच्या भिंतीवरसुद्धा लावलेलं असतं.

मग तुम्ही विचारलंत, "काका, यात साखर मिसळलीय का?"

"एक दाणाबी न्हाय," मी म्हणालो. ऋषिराजकडं बघून म्हणालो.

तुम्ही जबाब लिहून घेतलात. मी तुम्हाला गाडीपर्यंत सोडायला आलो, आणि का कुणास ठाऊक, तिथं माझ्या तोंडातनं खरं निघालं. फेब्रुवारीत तोडणीची टोळी निघून गेली, तोडलेला ऊस तीन दिवस वाळत पडला. शिळ्या उसाचा रवा पडेना, रंग काळपट. माल भरायची तारीख डोक्यावर. ऋषिराज कागदांसाठी पुण्याला गेलेला. दोन दिवस सकाळी बिरू यायच्या आधी मी रसाच्या टाकीत साखर ओतली. थोडी साखर, असं आत्ता लिहिणार होतो. सहा पोती ओतली. त्यातनं एकशेवीस पिशव्या झाल्या.

तुम्ही गाडीचं दार उघडं धरून उभ्या होतात. म्हणालात, "काका, मग हा जबाब मी देऊ शकत नाही. त्या एकशेवीस पिशव्या बाजूला काढा, खरं काय ते लिहून द्या, बाकीच्या मालासाठी मी जीव तोडून भांडते. ते नको असेल तर दुसरा वकील बघा. मी कुणाला काही बोलणार नाही."

मी तुम्हाला नको ते बोललो. बाईमाणसाला बंदरावरची कामं झेपत नसतात, हेही बोललो. ते शब्द मला अजून ऐकू येतात.

आता तुम्हाला माहीत नसलेलं लिहितो.

घरात येऊन मी ऋषिराजला सांगितलं, मॅडम घाबरल्या, त्यांनी अंग काढून घेतलं. पोरगं तापलं. त्यानं तुम्हाला केलेला मेसेज मी नंतर वाचला. त्याखाली तुमचं एवढंच उत्तर होतं, "तुमच्या वडिलांशी झालेलं बोलणं त्यांचं आहे, ते मी सांगू शकत नाही." एका ओळीत तुम्ही मोकळ्या झाला असता. झाला नाहीत.

दोन दिवसांनी मी एका दुसऱ्या माणसाकडं गेलो, त्याचं नाव लिहीत नाही. त्यानं 'साखर नाही' असा तयार कागद पुढं सरकवला, "करा सही." मी पेन धरून बसलो. त्यानं मला गूळ कसा केला हे विचारलंच नाही. ऊस कुठला, गाव कुठलं, काही नाही. मला खोटं लिहायचं भय वाटलं म्हणून मी उठलो असं नाही, ताई. चाळीस वर्षं गुऱ्हाळ चालवतोय, आणि या माणसाला माझ्या गुळाशी काही देणंघेणंच नाही, याचा राग आला. बाहेर येऊन तुम्हाला फोन लावला.

तुम्ही म्हणालात, "या काका, चहा ठेवते." मागचा एक शब्द काढला नाहीत. पुढं तुम्ही किती खेटे घातलेत ते मी बघितलंय. एकशेवीस पिशव्या परत आल्या, दंड भरला, बाकीच्या मालाचे नमुने तपासून तो गूळ म्हणून सुटला. रॉटरडॅमच्या बाईंनाही तुम्ही आमच्याकडनं सगळं कळवायला लावलंत. ऋषिराज म्हणत होता ऑर्डर जाणार. आता त्यांनी लिहिलंय, की इतक्या वर्षांत माल पोचायच्या आधी स्वतःहून चूक सांगणारे तुम्ही पहिलेच, म्हणून दुसरा कंटेनरही तुमचाच.

पण सरकारी जबाबात 'आमच्या गुऱ्हाळात साखर मिसळली गेली' एवढंच होतं. कुणी मिसळली हे ऋषिराजनं विचारलं, आणि तेवढ्यात त्याला शेडमागं साखरेची रिकामी पोती सापडली. तो बिरूवर धावून गेला. बावीस वर्षं काहिलीपुढं उभा राहणारा माणूस, त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. मी चुलवाणात जळणाची चिपाडं सारत राहिलो. बिरूनं आपला टॉवेल खांद्यावर टाकला आणि सणसरला घरी निघून गेला.

हे ते कारण.

तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, "घरी खरं सांगितलंत का?" मी नाही म्हणून मान हलवली. तुम्ही म्हणालात, "ते माझ्या कामात बसत नाही, काका. पण सांगा."

आठ महिने लागले. दिवाळी झाली, ऋषिराज नवा गुळव्या शोधायला लागला, तेव्हा एका सकाळी मी एसटीनं सणसरला गेलो. बिरूची बायको सरुबाई अंगणात भांडी घासत होती. तिनं बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं.

बिरू म्हणाला, "मालक, मला तवाच कळलं हुतं. रस नुसता चाखला तरी कळतंय मला."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हणून वाट बघितली."

माझे डोळे भरून आले. सरुबाईनं मात्र तांब्या आपटला. "हितं रडून काय उपेग, आबा? जितं ह्यांचं नाव घेतलं, तितं जाऊन सांगा."

म्हणून गेल्या सोमवारी बिरू-सरुबाईला बोलावून घेतलं आणि चुलवाण पेटवायच्या आधी, सगळ्या माणसांसमोर मी सांगितलं. साखर मी ओतली. बिरूनं न्हाय. आणि वकीलबाई घाबरल्या न्हाईत, मी त्यांच्यावर ढकललं. ऋषिराज उठून उसाच्या फडात निघून गेला. प्रयागबाई माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हंजी मार्चपास्नं तुमाला जेवान जात नव्हतं, ते याच्यापायी व्हय? आन् मी येड्यावानी भाज्या बदलत बसलेय." त्यावर सरुबाईच पहिली हसली. मग सगळी हसली. बिरूसुद्धा.

तासाभरानं ऋषिराज आला. बिरूपुढं वाकून त्याच्या पायाला हात लावला. मग मला म्हणाला, "आबा, आधी त्या मॅडमना पत्र लिवा. मी केलेला तो मेसेज वाचून त्यांना काय वाटलं आसंल?"

पत्राबरोबर पाच किलोची ढेप पाठवतोय. ऑफिसात वाटून खा, आणि चिठ्ठीवरचं नाव वाचा, या वर्षापासनं आम्ही करणाऱ्याचं नाव घालतो, बिरू गुळवे. पुढच्या रविवारी बारामतीला आलात तर इकडं चक्कर मारा. सरुबाईला तुम्हाला बघायचंय. तिचा विश्वासच बसत नाही, की कुणी बाई इतकं ऐकून घेऊन गप्प राहील.

माझ्याबद्दल तुम्ही जे पोटात ठेवलंत, त्यातनं मी तुम्हाला आजपासून मोकळं करतो. कुणालाही सांगा, नावागावासकट सांगा.

खाली ऋषिराजसाठी जागा सोडली आहे. तो काय लिहील ते मी वाचणार नाही. ते त्याचं आणि तुमचं.

दोन वेळा पोटभर जेवणारा,
आपला अशील
हिंदुराव गणपत खारतोडे