लाल जर्सीतली दीपा

३ ऑक्टोबर
दीपा दिसली!

मोबाईलवर! लाल जर्सी, पाठीवर 'थापा'. नेपाळकडून खेळत होती, तिकडे भूतानात, थिंपूला. दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा चालू आहे, वीस वर्षांखालच्या मुलींची. मी आपली भारताची मॅच पाहावी म्हणून लिंक उघडली, तर भारताची उद्या होती. आज नेपाळ आणि श्रीलंका. बंद करणारच होते, तेवढ्यात कॉमेंट्रीवाला ओरडला — दीपा थापा! आणि गोल!

चहाची बशी हातात तशीच राहिली. आपली दीपा! कापडलाईनीतल्या गुरख्याची दीपा. पाचवीपासून माझ्या शेजारी बसणारी, स्वतःचा डबा न आणता माझा खाणारी, मला अप्पी म्हणणारी. लॉकडाऊनमध्ये एका सकाळी त्यांच्या खोलीला कुलूप दिसलं. नेपाळला गेले, असं घरमालक म्हणाला. ना निरोप, ना फोन. नंबर लावला की बंद. नववीत होतो आम्ही.

आईला ओरडून बोलावलं. तिनं चष्मा लावला, मोबाईल दूर धरला, जवळ धरला.

"चेहरा कुठी दिसून राह्यला यात? मुंगीएवढ्या पोरी!"

मला दिसला.

४ ऑक्टोबर
भारत जिंकला. दोन गोल. छान वगैरे. पण खरं सांगायचं तर नेपाळची मॅच परवा आहे, आणि मला घाई परवाचीच. देशद्रोही म्हणायची मला!

५ ऑक्टोबर
कॉलेजातून येताना मुद्दाम जिनिंगच्या मागून आले. आमचं ग्राउंड. आता तिथे ट्रॅक्टर उभे असतात. तेव्हा दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागायच्या आणि सगळीकडे कापूस उडायचा. खेळून घरी गेलो की केसांत, भुवयांत कापूस. आई म्हणायची, पोरगी गेलती अन् म्हातारी आली!

बॉल एकच. तो पंक्चर झाला की बाबांच्या सायकलच्या दुकानात. बाबा ट्यूबसारखंच त्याचं ब्लॅडर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, ठिगळ लावायचे. ठिगळाच्या बाजूनं लाथ बसली की बॉल भलतीकडेच जायचा. दीपाला ते ठिगळही वापरता यायचं! मी डावीकडून, ती उजवीकडून. "दीपे, पास दे" म्हणून घसा कोरडा व्हायचा, ती काही द्यायची नाही. गोल मारून मग यायची — "तू मांगतली काय? मले ऐकूच नाही आलं." अशी खोटारडी!

दसऱ्याला तिच्या घरी टिळा लावायचे, तांदूळ-दही कालवलेला, लालभडक, अख्खं कपाळ भरून. आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनाची धावपळ असायची. मी पांढऱ्या साडीतल्या आईबरोबर निघालेली, कपाळावर नेपाळचा टिळा! आई पुसायला गेली तर बाबा म्हणाले, राहू दे.

ती गेली आणि टीम मोडली. एक मुलगी कमी झाली म्हणून कुठे टीम मोडते? पण मोडली. मी बूट आमच्या गोलकीपर पायलला देऊन टाकले. कुणी विचारलं की सांगायचे, अभ्यास असतो.

६ ऑक्टोबर
नेपाळ जिंकलं. दीपाचा आणखी एक गोल. आज मॅच इंद्रजित सरांबरोबर पाहिली, शाळेच्या स्टाफरूममध्ये. सर आमचे खेळाचे मास्तर, अजून तिथेच आहेत, पोट तेवढं पुढे गेलंय.

सर म्हणाले, "हे तं डाव्या पायानं मारून राह्यली. दीपा उजव्या पायाची होती ना?"

मी म्हटलं, सर, नॅशनल कॅम्पमध्ये दोन्ही पाय तयार करून घेत असतील.

"घेते ना! घेतेच." सरांनी लगेच मानलं. त्यांना मानायचंच होतं. त्यांच्या हाताखालची पोरगी देशाकडून खेळते म्हटल्यावर देश कोणता का असेना!

मॅच संपल्यावर तिची मुलाखत. सगळी नेपाळीत. मी कान टवकारून बसले, कुठे 'उमरखेड' येतं का. नाही आलं. शाळा नाही, सर नाही, काही नाही. एवढं नाव घेतलं असतं तर जीभ झिजली असती का? रागच आला मला. घरी येऊन उगाच आईवर चिडले.

७ ऑक्टोबर
राग गेला नाही. खरं म्हणजे तो मुलाखतीचा नाहीच. पाच वर्षांपूर्वीच्या कुलपाचा आहे. सांगून गेली असती तर मी काय पाय धरून ठेवणार होते? हो, ठेवलेच असते. तरी सांगायचं!

मला एकच विचारायचंय तिला. न सांगता का गेलीस? बाकी कप जिंक नाहीतर हर.

८ ऑक्टोबर
स्टँडवर फ्लेक्स लागला! 'उमरखेडची सुकन्या दीपा थापा हिचे हार्दिक अभिनंदन.' सरांची कामगिरी. खाली शुभेच्छुकांचे चेहरे — यंदा नगरपालिकेला उभे राहणारे झाडून सगळे, दीपापेक्षा मोठे. एकानं तर गॉगल लावलाय.

दीपाचे दोन फोटो आहेत. एक पायलकडचा, आठवीतला, दोन वेण्या. दुसरा मोबाईलवरून काढलेला, लाल जर्सीतला. मी बराच वेळ खाली उभी होते. एका फोटोतून दुसऱ्यात जाताच येईना. पाच वर्षांत चेहरा बदलतो. माझा नाही का बदलला? गाल तर कुठल्या कुठे गेले.

कपड्याच्या दुकानातले काका स्वतःहून म्हणाले, "तिचा बाप शिटी वाजवत गेला की आम्ही निवांत झोपत होतो." जो भेटेल त्याला आता थापा कुटुंब आठवतंय. ते होते तेव्हा त्यांना पाणी विचारणारे किती होते, हे मलाही आठवतंय!

९ ऑक्टोबर
फायनल भारत-नेपाळ.

आता बसा!

१० ऑक्टोबर
फ्लेक्स उतरवला. गॉगलवाल्यानं म्हणे सरांना फोन केला — उद्या तिनं इंडियाला गोल मारला तर माझा फोटो कशाला खाली? सरांनी गुंडाळून स्टाफरूममध्ये ठेवला. म्हणे, "नंतर पाहू. निकालावर आहे."

बाबांना नुसती करमणूक झालीय. "अपेक्षा, उद्या तिनं गोल मारला तं टाळ्या वाजवाच्या का तोंड पाडाचं? आत्ताच सांगून ठेव, ऐनवेळी घोळ नको."

मी म्हटलं, जे होईल ते होईल. पण दिवसभर तेच डोक्यात. भारत हरावा असं कुणाला वाटतं? मला नाही वाटत. दीपा हरावी असंही नाही वाटत. सोयाबीन काढायला आलेल्या बायकासुद्धा बांधावर हेच बोलत होत्या, असं आई सांगत होती.

११ ऑक्टोबर
शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला. गाव लोटलं. पोरांनी तिरंगे आणले. मी भिंतीला टेकून उभी.

आधी भारताचा गोल. हॉल दणाणला, मीही नाचले. मग नेपाळनं फेडला. मग बराच वेळ नुसती धावाधाव, धुकं, चिखल. आणि शेवटाकडे दीपाला उजव्या बाजूला बॉल मिळाला. तिची जुनी जागा! बाजूची पोरगी हात वर करून पास मागतेय, ही ऐकतच नाही. आत घुसली, बॉल डाव्या पायावर घेतला आणि मारला.

गोल! पोरांचे तिरंगे खाली आले.

टाळी वाजली. एकच. माझीच होती ती! हात आपोआप गेले. सगळा हॉल वळून माझ्याकडे पाहायला लागला. कुणी म्हणालं, "कोनाकून आहेस वं तू?" मला रडूच आलं. बाबा मागून उठले आणि त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या, सायकलच्या टायरवर मारतात तशा. मग सरांनी. बस, तिघंच.

नेपाळ जिंकलं. तिनं कप डोक्यावर धरला, पोरींनी तिला उचललं. किती सुंदर हसत होती! मला वाटलं, हिला आता उमरखेड काय आठवणार. आठवू नयेच. आणि लगेच वाटलं, आठवावंच! का नाही आठवणार?

घरी येऊन मॅचच्या व्हिडिओखाली लिहिलं. इंग्रजीत लिहायला घेतलं होतं, खोडलं. आम्ही बोलायचो तसंच लिहिलं —

"दीपे, मी अप्पी. उमरखेड. एवढी मोठी झाली तं एक फोन तं करायचा. काहून न सांगता गेलती वं? आठवन येते तुयी. माहा नंबर तोच आहे, बाबाच्या दुकानाचा, खाली लिहून देला."

वर-खाली शेकडो लोकांचे झेंडे आणि बदाम. माझं लिहिलेलं क्षणात कुठे वाहून गेलं, मलाच सापडेना.

१२ ऑक्टोबर
काही नाही. दुकानात तीनदा चक्कर. बाबा म्हणाले, "फोन आला तं मी काय खाऊन टाकीन काय?"

१३ ऑक्टोबर
फ्लेक्स पुन्हा लागला. गॉगलवाला आता मधोमध आहे. सर म्हणतात, दिवाळीत तिला बोलावू, सत्कार करू, तू पत्ता काढ. मी कुठून काढू? भूतानहून ती घरी गेली असेल. तिचं घर तिकडे कसं असेल, मला चित्रही उभं करता येत नाही. मला तिची कापडलाईनीतली खोलीच दिसते.

१४ ऑक्टोबर
बाबांनी दुकानातून हाक मारली. फोन.

"अप्पी?"

तिचाच आवाज! मी पंपाशेजारी खाली बसले. एकदम सुरूच झाले — गोल, कप, फ्लेक्स, सत्कार, हॉलमधली टाळी, मधूनमधून शिव्या. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "अप्पे, ते मी नाही वं. ते दुसरी थापा हाय. माह्या नावाची पोरगी खेळून राह्यली म्हनून मी बी पाहत होती. तं तुयी कमेंट दिसली."

आणि तू?

"मी नागपूरले आहो. बाबा इथं बिल्डिंगवर वॉचमन आहे. रातोरात गाडी भेटली तशेच निंघालो, पन नेपाळले आमी गेलोच नाही, नागपूरातच अडकलो. मोबाईल रस्त्यात हरपला, त्याच्यासंगं सारे नंबर. मंग गंज दिवस, वर्सं निंगून गेले. मंग लाज वाटली."

खेळतेस का, विचारलं. नाही म्हणाली. तू? मीही नाही म्हटलं. मग मी तिचा पत्ता लिहून घेतला.

सकाळच्या गाडीनं नागपूरला चालले आहे.