सगळ्यांचं काम माझ्या खात्यावर

सोमवार, ४ मार्च

नात जेवतानाही कॉम्प्युटर सोडत नाही. आमच्याच हॉस्पिटलात असते ती, वरच्या मजल्यावर. मी खाली धुलाईखान्यात मुकादम. ती जावा का काय त्यात लिहिते, मी चादरी मोजून घेते.

आता म्हणे नोकरी सोडून गेलेल्यांची कॉम्प्युटरवरची खाती काढून टाकायचीत. एकेक हाताने नाही, प्रोग्रॅमच काढून टाकणार! सहा महिन्यांत ज्याने खातं उघडलं नाही, तो गेला. म्हटलं, आधी माणूस गेलाय का ते तरी बघ गं. हसली. मग विचारलं, "आजी, तुमच्याकडे सगळ्याजणी आपापलं खातं उघडून कामाची नोंद टाकतात ना?"

"हो तर! मुकादम कोण आहे तिथं?"

खोटं. धडधडीत खोटं. सगळ्यांचं काम मीच माझ्या खात्यावर टाकते. त्यांची ओली बोटं, तो पासवर्ड, कॉम्प्युटरपुढे रांग — कोण ताटकळणार? मीच फर्मान काढलं होतं. नातीसमोर कबूल करायची लाज वाटली. एवढंच.

मंगळवार, ५ मार्च

बोलले नाही. उद्या बोलू.

शुक्रवार, ८ मार्च

प्रोग्रॅम चालला.

येत्या बुधवारी आमच्या इस्त्रीवालीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. इथे काम करणाऱ्यांना फुकट असतं. आज ती कागद घ्यायला वर गेली, तर खिडकीतली पोरगी म्हणाली, "या नावाचं इथे कुणी कामाला नाही."

खाली येऊन म्हणाली, "अक्का, मग इतकी वर्षं इस्त्री काय माझं भूत फिरवत होतं?" बाकीच्या खिदळल्या. मग त्यांनीही आपापलं बघितलं. एकीचंही खातं नाही. माझं तेवढं शाबूत! सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी खेकसले, "बघताय काय? कामाला लागा!"

शनिवार, ९ मार्च

नात रडवेली झालीय. ती म्हणत होती खाती नुसती बंद करू. तिचा साहेब म्हणाला, कचरा कशाला ठेवायचा, पुसूनच टाक. आणि खातं पुसलं की त्याला लटकलेलं सगळं जातं — रजा, नेमणूक, ऑपरेशनची मंजुरी. जुन्या प्रतीतून परत आणतेय, पण वेळ लागणार. साहेब विचारतोय, आधी चौकशी का नाही केली?

केली होती की. माझ्याकडे!

ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मी नुसती भांडी आपटत राहिले.

बुधवार, १३ मार्च

ऑपरेशन हुकलं. इस्त्रीवालीने आज चादर जाळली. दिसलंच नाही तिला. डागावर हात ठेवून म्हणाली, "अक्का, तू बोल ना साहेबाशी. तुझं ऐकतील." मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिला तोंड कसं दाखवू?

उद्या जाते वर. सगळं ओकून टाकते.

गुरुवार, १४ मार्च

गेले. मी तोंड उघडायच्या आत साहेबच उठून उभा राहिला. "बसा आजी. तुमच्या नातीने सांगितलं मला. सगळ्याजणी एकाच खात्यावर काम टाकतात, हे तुम्ही तिला बजावलं होतंत. तिनेच मनावर घेतलं नाही. नोकरीवरून काढावं लागलं हो तिला." माझ्यासाठी चहा मागवला.

प्यायले.