आंबेनळीत मी नकार दिला होता

६ नोव्हेंबर, गुरुवार

डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, काळानिळा डाग. सुईचा. मी नको म्हटलेल्या सुईचा!

काल महाबळेश्वरहून एसटीने परत येत होते. आंबेनळी घाटात ट्रक आडवा झाला, गाडी अडकली. सकाळी इन्सुलिन टोचून घेतलं होतं. डबा पोलादपूरला उघडायचा असं ठरवलं होतं. ठरलं म्हणजे ठरलं. मग जरा गरगरलं, एवढंच. कंडक्टर गोमाजीने लगेच रुग्णवाहिका बोलावली. मी बोलाव म्हटलं नव्हतं. तीतून एक तिशीची मुलगी उतरली, राजश्री नावाची, आणि म्हणते, "मावशी, हात द्या." मी हिची मावशी कधी झाले?

हात झटकला. स्पष्ट, शुद्ध इंग्रजीत सांगितलं, माझ्या संमतीवाचून मला हात लावायचा नाही. लख्ख आठवतंय. तरी दोन बायकांना माझा हात धरायला लावून आधी बोटाला टोचलं, मग शिरेत सुई घातली आणि ग्लुकोज सोडलं. सगळ्या एसटीसमोर.

पोलादपूरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, साखर चाळीसच्या खाली गेली होती, वेळेवर झालं. असेल. साखर कितीही असो, हात माझा आहे.

७ नोव्हेंबर

तक्रार लिहिली, रुग्णवाहिकेच्या कंपनीला. आयुष्यभर विम्याचे दावे तपासले; कुठला शब्द कुठे बसवला की माणूस अडकतो ते मला शिकवायला नको. माणूस बेशुद्ध असेल तर संमती गृहीत धरतात — मान्य. पण शुद्धीत असलेल्या माणसाने नाही म्हटलं की ते नाहीच. मग तो मरायला टेकला असला तरी. आणि मी बेशुद्ध कुठे होते? मी बोलत होते!

स्वयंपाकाची जानकीबाई भाकरी थापता थापता म्हणते, "बाई, तुमी रागावलाय का आजारी हाय, ते वळखायचं कसं? दिसतं तर एकच."

भाकरीकडे बघ म्हटलं.

१० नोव्हेंबर

कंपनीचा फोन. चौकशी होईपर्यंत राजश्रीला घरी बसवलंय. दोष ठरला तर नोकरी जाईल. योग्यच.

१३ नोव्हेंबर

ती आज दारात! वाटलं, माफी मागायला आली असेल. छे. हात बघायला आली होती. डाग पिवळा पडायला लागलाय म्हणाली, म्हणजे बरा होतोय. जसं काही तिनेच टोचला नव्हता.

बसवलं. सरळ विचारलं, मी नाही म्हटलेलं ऐकलंस ना?

"ऐकलं. तुम्ही एवढं भराभर बोलत होतात, मला एक 'नॉट' तेवढा कळला. पण हात झटकलात, तेव्हा नायच म्हणताय असं धरलं मी."

"मग टोचलीस कशी?"

"अंग घामाने चिंब, बोटं थरथरत होती. अजून थोडा वेळ गेला असता तर तुमचं बोलणंच बंद झालं असतं. चुकलं असेल तर चुकलं. पण माझ्यावर रागवायला तुम्ही जिवंत तर पायजे होतात."

चौकशीत काय सांगणार, विचारलं. म्हणाली, हेच. नोकरी गेली तर बिरवाडीत एखाद्या कारखान्यात लागेन. वर, चहात साखर जास्त झालीय असंही सुनावून गेली.

मूर्ख आहे. स्वतःविरुद्ध असा जबाब कोणी देतं? माझ्या टेबलावर असा दावा आला असता तर मी एका मिनिटात फेटाळला असता.

दिवसभर चिडचिड. तिच्यावर की कोणावर, कळत नाही.

१६ नोव्हेंबर

गोमाजी कंडक्टर पत्ता काढत आला. माझ्या बाजूने साक्ष द्यायला! चौकशीवाल्यांनी त्यालाही विचारलं होतं. त्याने आणि सगळ्या प्रवाशांनी एकच सांगितलंय — बाई फाडफाड इंग्लिश बोलत होत्या, म्हणजे पुऱ्या शुद्धीत होत्या. वर पुरावाही आणला होता. त्याने मोबाइलवर सगळं टिपलं होतं.

"ऐका बाय, कसं ठणकावलंत तिला. आख्खी गाडी गार!"

ऐकलं.

पडद्यावर एक म्हातारी. केस सुटलेले, नजर कुठेतरी भलतीकडे. बोट उगारून, अगदी माझ्या आवाजात, ठणठणीत इंग्रजीत ती सांगतेय — मुलींनी व्हरांड्यात पळू नये. मुलींनी नखं वाढवू नयेत. जेवताना मुलींनी बोलू नये. आमच्या कॉन्व्हेंटच्या भिंतीवरचे नियम! एकामागून एक, न चुकता. संमतीबद्दल एक अक्षर नाही. मध्येच राजश्री विचारते, मावशी, तुमचं नाव काय? तर मी सांगते, नियम सातवा.

मग मला जे लख्ख आठवतंय ते काय होतं?

गोमाजी विचारत होता, चौकशीच्या साहेबांना पाठवू का? थांब म्हटलं. मग म्हटलं, पाठव.

१७ नोव्हेंबर

गप्प राहिले तरी चालेल. तिने स्वतःच कबूल केलंय, साक्षीदार माझ्या बाजूचे, आणि मी मुलींना नखं कापायला सांगत होते हे त्या गर्दीत कोणाला कळलंय? साहेबांना कळेलच असंही नाही.

पण मला कळलंय.

२० नोव्हेंबर

महाडला चौकशी. साहेबांनी नम्रपणे विचारलं, तक्रार मागे घेताय का? मी म्हटलं, मागे घेत नाही, दुरुस्त करतेय. नकार हा नकारच असतो, त्यावर मी ठाम आहे. मात्र हा नकार नव्हता. मग सगळ्यांसमोर चलचित्र लावून मला माझंच भाषांतर करावं लागलं. मुलींनी नखं वाढवू नयेत. मुलींनी व्हरांड्यात — इथे कोपऱ्यातला कारकून हसला. मी बघितलं त्याच्याकडे. थांबला.

साहेब म्हणाले, म्हणजे तुम्हाला त्या वेळी निर्णय घेण्याचं भान नव्हतं? आयुष्यात असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. नव्हतं, मी म्हणाले. सही केली.

राजश्री टक लावून माझ्याकडे बघत होती. जिन्यात म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला नाय म्हटलंच नव्हतं?" मी म्हटलं, मी तुला व्हरांड्यात पळू नको म्हटलं होतं. जिन्यातच बसली हसत. मीही जरा.

निकाल आठवड्याने.

२१ नोव्हेंबर

डाग गेला.

२७ नोव्हेंबर

सकाळी दारात रुग्णवाहिका! शेजारीपाजारी धावत आले. राजश्री उतरली, गणवेशात. "कामावर आले, सांगायला थांबले फक्त."

मी कागद तयारच ठेवला होता. मराठीत, सहीनिशी: मला भान नसेल तर मी काहीही बोलले, कोणत्याही भाषेत, तरी राजश्रीने ऐकू नये; उपचार करावेत. तिने उभ्या उभ्या वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"अर्धाच लिहिलाय. भान असताना नाय म्हणालात, तर मी हात लावणार नाय. मग तुम्ही माझ्यासमोर मेलात तरी. तेपण लिहा, मावशी."

लिहिलं. खाली तिची सही घेतली.